चटणीच्या पुडीवर गुरुजी

गुरुजी,

तुमचा फोटो माझ्या मिरची कांडायच्या डंकासमोर टांगलाय. जाड काचेचा चष्मा, आवळलेले ओठ, वर्गात फळ्याकडं पाठ करून उभे राहायचात तसेच. गळ्यात हारही आहे. इथं दिवस उजाडला की मिरची कांडायला सुरुवात होते आणि तिचा धुरळा आधी तुमच्या नाकाडोळ्यांकडं उडतो. जागा मी मुद्दाम निवडली, खिळाही मीच ठोकला. तुम्ही जाऊन कितीतरी वर्षं झाली, तुम्हाला यातलं काही कळणार नाही, एवढी अक्कल मला आहे. तरी खिळा ठोकताना फार बरं वाटलं.

मी तुम्हाला आठवायची नाही. तुमच्या चौथीच्या वर्गातली, ओसरीवर बसणारी मुलगी. इथं उचगावातच, शाळेच्या मागच्या गल्लीत तेव्हा एक डंक होता आणि माझी आई तिथं कामाला होती. होळी झाली की गावातल्या बायका वर्षाची चटणी कांडून घ्यायला पाट्या भरभरून मिरच्या आणायच्या, भाजलेलं खोबरं, तीळ, धने, लसूण आणायच्या. आई दिवसभर डंकापुढं बसून चटणी सारायची, चाळायची. तिच्या लुगड्याला, केसांना, बोटांच्या पेरांना तो वास कायमचा बसलेला. सकाळी ती मला पुढ्यात घेऊन वेणी घालायची, मग तोच वास माझ्या केसांतून शाळेत यायचा. मला तो वास म्हणून कधी कळलाच नव्हता. आमचं घर तसंच होतं.

तो दिवस अजून डोळ्यांपुढं आहे. उन्हं तापायला लागलेली आहेत, तुम्ही फळ्यावर भागाकार मांडताय. मध्येच थांबता, खिशातून रुमाल काढून नाकाला लावता आणि ओळींमधून चालत माझ्यापाशी येता. "वास कुणाचा येतोय ह्यो?" असं विचारता, पण तुम्हाला ते ठाऊक असतं. "ऊठ गं ए डंकवाले. भाईर जाऊन बस. आणि आईला सांग, लेकराला धुऊन पाठवत जा म्हणावं." सगळा वर्ग हसतो. मी पाटी उचलून बाहेर ओसरीवर जाते आणि पुढं रोज तिथंच बसते. तिथून फळ्याची फक्त एक कड दिसते, त्यामुळं त्या वर्षीचे भागाकार मी अर्धेच शिकले.

संध्याकाळी मी आईला तुमचं बोलणं शब्दाला शब्द सांगितलं. माझं डोकं तिनं धुतलं, परत धुतलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी फणी माझ्या हातात दिली. म्हणाली, "जा, शेजारच्या काकीकडनं येणी घालून घे. माझ्या हाताला वास हाय." मी रडले, हट्ट केला. रविवारी शाळा नसते, रविवारी तरी घाल म्हटलं. "न्हाय गं बाय, लवकर जात न्हाय त्यो," एवढंच म्हणाली आणि हात पदराखाली घेतले. काकी केस ओढून ओढून वेणी घालायच्या. आईनं मरेपर्यंत पुन्हा माझ्या डोक्याला हात लावला नाही. लग्नातसुद्धा माझी वेणी मावशीनं घातली आणि आई दारात उभी राहून बघत होती.

वर्ष संपताना तिनं तुमच्यासाठी चटणीची बरणी पाठवली होती. डंकाच्या मालकिणीकडं उसनवारी करून चांगलं खोबरं घातलेली. "गुरुजीस्नी दे, म्हणावं पोरीला आत बसवा." तुम्ही दारातच हात आडवा केलात. "ते आत आणू नगं," म्हणालात. मग बरणी आणि मी, दोघी ओसरीवर. शाळा सुटली तेव्हा मी ती परत घरी नेली आणि आईनं फळीवर ठेवून दिली. ओसरीवर बसवलंत त्याचं मला एवढं काही नाही, तिथं वारा तरी असायचा. पण माझ्या आईचे हात तुम्ही माझ्या केसांतून काढून घेतलेत. ते मी सोडलेलं नाही आणि सोडणारही नाही.

आता फोटोचं सांगते. तो जुना डंक पुढं मी चालवायला घेतला, मग विकतच घेतला. मध्यंतरी शाळेतली मोठी पोरं माझ्याकडं आली. शाळेजवळच्या एका खोलीत त्यांनी फूड बँक काढली आहे. ज्याच्या घरी चूल पेटायची पंचाईत त्यानं यावं, डाळ-तांदूळ-तेल घेऊन जावं, कुणी काही विचारायचं नाही. त्यासाठी पैसे उभे करायचे म्हणून पोरांनी चटणी विकायचं ठरवलं होतं.

"काकी, मिरच्या आमी गोळा केल्यात. तुमी निस्तं कांडून द्याल काय?" त्यांच्यातली धिटुकली मुलगी म्हणाली. "गुरुजींच्या नावानं हाय फूड बँक."

"कोन गुरुजी?" मी विचारलं. तिनं मोबाईलवर तुमचा फोटो दाखवला.

"लय मोठा मानूस हुता म्हणं. उपाशी पोरास्नी सोताचा डबा द्यायचा."

ते खोटं नाही. तुम्ही तुमची भाकरी अर्धी करून पोरांना दिलेली मी ओसरीवरून पाहिली आहे. म्हणून तर राग जास्त येतो. पोटातली भूक दिसायची की तुम्हाला. फोटो बघून आधी पोरांना हाकलून द्यावं असं वाटलं. आणि मग एकदम सुचलं. म्हटलं, "फुकट कांडून देते. अट एकच हाय. दर पुडीवर गुरुजींचा फोटो पायजे. आणि एक मोठा हितं, डंकाम्होरं."

पोरं खूश. "काकी, नादखुळा!" म्हणाली.

तर गुरुजी, हल्ली तुम्ही चटणीच्या पुडीवर असता. शाळेच्या पटांगणात पोरांनी स्टॉल मांडला तेव्हा तुमच्या चेहऱ्यांची रास लागली होती आणि येणारा प्रत्येकजण तिच्यापुढं शिंकत होता. मी खुर्ची टाकून मजा बघत बसले. कसबा बावड्यापासून मुरगूडपर्यंत तुमच्या पुड्या गेल्या आहेत. घरोघरी गॅसच्या शेजारी तुम्ही आणि समोर रश्श्याची फोडणी. रुमाल काढायला खिसा नाही. फूड बँकेची खोली डाळीतांदळानं भरली, त्याचं पुण्य तुमच्या नावावर जमा झालं, ते खुशाल घ्या. मला फक्त तुम्हाला ठसका लागायला हवा होता.

परवा तुमचा मुलगा हार घालायला आला. डंक चालू होता. हार घालेपर्यंत बिचारा लाल झाला, खोकत खोकत बाहेर पळाला. मी पाणी दिलं. म्हणाला, "आमच्या घरात कुनालाच ह्यो मिरचीचा खकाणा सोसत न्हाई ओ. बाबास्नी तर दमा हुता. त्यातच गेले."

"दमा?" मी म्हटलं. "शाळेत कवा दिसला न्हाय."

"दिसू द्यायचे न्हाईत की. मास्तर धापा टाकतोय म्हटल्यावर पोरं भीक घालत न्हाईत, म्हणायचे."

तो गेला आणि मी पोत्यावर बसून राहिले. कुणाला वाटेल माझा राग उतरला असेल. उतरला नाही गुरुजी, वाढला. 'मला दम्याचा त्रास आहे पोरी, जरा लांब बस' एवढंच म्हणाला असतात तर मी आपण होऊन उठले असते, तुमचं पाणीसुद्धा भरून ठेवलं असतं. आईनं त्यावर काढा सांगितला असता आणि माझी वेणी घातली असती. तुमची लाज झाकायला तुम्ही माझ्या आईला घाण ठरवलंत. एवढी महाग लाज होती का तुमची?

हे पत्र पाठवायला पत्ता नाही, म्हणून ते त्या बरणीत घालून ठेवणार आहे. बरणी अजून माझ्याकडंच आहे. फोटो मी काढलेला नाही, काढणारही नाही, पुड्याही चालूच राहतील. फक्त कालपासून डंक सुरू करायच्या आधी तुमच्या तोंडावर एक ओलं फडकं टाकते आणि कांडून झालं की काढते. पोरांनी विचारलं, तर काच खराब होते म्हणून सांगितलं.