जवसाचं तेल आणि माझ्या नसा

३ जुलै, सकाळी ६.१५
मल्टिपल स्क्लेरोसिस म्हणजे नसांवरचं आवरण खराब होणं. आवरण चरबीचं. मग योग्य चरबी खाल्ली की आवरण परत. इतकं सोपं कल्याणच्या डॉक्टरीणबाईंना कळत नाही. मी टोकावड्यात चौदा वर्षं विज्ञान शिकवतोय.
आजपासून जवसाचं तेल, दोन चमचे सकाळी, दोन संध्याकाळी. तूप, साय, खोबरं बंद. दर गुरुवारचं इंजेक्शनही बंद. अक्षदाला सांगितलेलं नाही. अंगणवाडीत खिचडी वाटणाऱ्या बायकोशी फॅटी अ‍ॅसिडवर काय बोलणार?

५ जुलै
तेलाचा वास ऑइलपेंटसारखा. आईला वाटलं, दार रंगवतोय. म्हणाली, आपलं खुरासणीचं तेल काय वाईट हाये रे? तिला ओमेगा-तीन आणि ओमेगा-सहा समजावलं. म्हणाली, आकडे नको सांगू, जेव. या घरात मी एकटा.

११ जुलै, दुपार
इंजेक्शनला म्हणून मुरबाडला आलो. स्टँडवर दीड तास बसलो. दोन वडे. तेल वाईट होतं, पण उपाशीपोटी विचार होत नाही. उद्यापासून अडीच चमचे.

१९ जुलै
गणिताचा मनोज म्हणाला, सर, तेल घ्या, पण औषध सोडू नका. डॉक्टरीणबाईही हेच म्हणाल्या होत्या: जवस खा, मासे खा, चांगलंच आहे, पुरावा मात्र कच्चा आहे, औषधाच्या जागी चालणार नाही. भित्री माणसं. मनोजला तर साधं टाइमटेबल जमत नाही.

२ ऑगस्ट
डावा पाय जड. नवी चप्पल भिकार.

६ ऑगस्ट
खडू तीनदा हातातून पडला. हल्ली खडू गुळगुळीत येतात. मुलं हसली नाहीत. हसायला हवी होती.

९ ऑगस्ट
अक्षदाने विचारलं, काल सुई कुठे दिली? उजव्या दंडाला, म्हणालो. गेल्या गुरुवारी? उजव्याच. ती म्हणाली, जागा बदलतात ना? नर्सलाच अक्कल नाही, म्हणालो. ती भाकरी थापायला वळली. पटलं असावं.

१३ ऑगस्ट
एका डोळ्याला धुरकट दिसतंय. चष्मेवाला बेकार. तेल वेळेला चार चमचे केलं. तास सोडून तीनदा संडासला पळालो. शरीर शुद्ध होतंय. अक्षर वाकडं येतंय, पेन बदलायला हवा.

२१ ऑगस्ट, कल्याण, हॉस्पिटल
डाव्या हाताने लिहितोय. ओळीला पाच मिनिटं.
झेंडावंदनाला सलामीचा हात वर गेलाच नाही. मग मी खाली गेलो. मनोजने जीपमध्ये घातलं. सलाइनमधून स्टिरॉइड चालू. डॉक्टरीणबाईंनी तेलाबद्दल काही विचारलं नाही. इंजेक्शनं किती चुकली, एवढंच. सहा, म्हणालो. अक्षदा समोर होती.
आज तिला वही दिली, मी सांगतो तसं लिही म्हणून. तिने आधी सगळी पानं वाचली. ३ जुलैचं पान दोनदा वाचलं. मग पेन उघडून म्हणाली, सांगा.
म्हटलं, लिही, माझी पत्नी समजूतदार आहे.
तिने पेनाला टोपण लावलं. म्हणाली, हात बरा झाला की ते तुमीच लिहा.