भट्टी चुकली नव्हती

प्रिय ठोंब्या,

दुसरी नापास बाईचं पत्र आहे, ऱ्हस्व-दीर्घ काढत बसू नकोस. समोर बोलले की तू ‘आजी, गप’ म्हणतोस. कागदाला गप म्हणता येत नाही. मी बरी आहे. गुडघे कुरकुरतात, पण तुझ्याइतके नाहीत. तुझी आत्या दोन महिने जेवताना मान वर करत नाही. बातम्या एवढ्याच.

तुझ्या खोट्या दातांच्या कारखान्यात सात वर्षं मी दात डब्यांत भरले. म्हातारीला काय कळतंय, असं तुला वाटायचं. डॉक्टरकडून माप आलं की तू खडूसारख्या मऊ ठोकळ्यातून दात कापायचास. मोठाच कापायचा, कारण भट्टीत भाजताना तो आकसतो. पुढचं काम आत्याचं. भट्टी पुरती निवल्याशिवाय तिनं कधी दार उघडलं नाही. पोटच्या पोरांना मी इतकं जपलं नाही, खोटं कशाला बोलू.

त्या दिवशी घाईत तू कापायच्या मशीनला आकडा चुकीचा दिलास. दात भाजून निघाले ते मापापेक्षा मोठे. भाजलेल्या दाताला चाक लावायचंच तर पाणी सोडून, हलक्या हातानं, हे तुला आत्यानंच शिकवलेलं. तू कोरडेच दाबून घासलेस. ठिणग्या उडाल्या. मी म्हटलं, अरे, पाणी तरी सोड. तर म्हणे, आजी, तू डब्या भर. भरल्या.

महिन्याभरात लोकांच्या तोंडात ते दात तडकले. तू डॉक्टरला सांगितलंस, आत्यानं भट्टी लवकर उघडली, दात कच्चे राहिले. तिच्याकडून तसं लिहून मागितलंस. ती माझ्याकडे आली. आई, मी नाही गं उघडली, म्हणाली. आणि मी, अक्कल गहाण ठेवलेली, म्हटलं, कर सही. भावाचं पोर आहे, त्याचं नाव गेलं तर कारखाना बसेल. तुला काय, कुठंही काम मिळेल. तिनं केली. आता तिला कुणी भट्टीजवळ उभं करत नाही.

परवा तुझ्या खणात मला तुटक्या दातांच्या तपासणीचा इंग्रजी रिपोर्ट सापडला. शेजारच्या मास्तरीणबाईंनी वाचून सांगितला. आतले कण भट्टीनं बसवावेत तसे नीट बसलेत. फक्त वरच्या थरातल्या कणांची घडण बदललीय; ते फुगले, त्यानं चिरा गेल्या. जोरानं कोरडं घासलं की असं होतं. भट्टी चुकली असती तर दात आतपर्यंत कच्चा निघाला असता. मग मी तारीख वाचायला लावली. आत्याच्या सहीच्या चार दिवस आधीची. म्हणजे तिच्या हातात पेन दिलंस तेव्हा तुला सगळं ठाऊक होतं.

म्हणून लिहितेय. रिपोर्ट खणात शोधू नकोस. आज सकाळी मी तो डॉक्टरच्या हातात दिला, सोबत एक कागदही: पोरीकडून सही मी करवली, आणि तुला घासताना बघूनही तोंड शिवून बसले. खाली माझी सही आहे, अंगठा नव्हे. आता बोट दाखवायचं तर माझ्याकडे दाखव.

तुझीच, नाइलाजानं,
आजी