गाडी ओढेल तेवढं

३ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी शैलाला घेऊन इक्बालभाईकडे. कॉटन ग्रीनला जुन्या कापसाच्या गोदामात ह्याचा सेकंडहँड गाड्यांचा धंदा. दोन पिकअप दाखवल्या, दोन्ही डिझेल, दोन्ही डबल कॅबिन. पांढरी चार वर्षांची, एका हातातली, सीटवरचं प्लॅस्टिकसुद्धा काढलेलं नाही. राखाडी चौदा वर्षांची, फोर बाय फोर, इंजिन मोठं. चालू केली की बाजूचा पत्रा थरथरतो.

"काका, एक दिल की गाडी है, एक दिमाग की." कुठली कुठली ते सांगितलं नाही. विकणाऱ्याने असंच बोलावं.

शैला राखाडीत चढून बसली. उतरताना हात द्यावा लागला, पायरी उंच आणि तिचे गुडघे ते तसे. "कुठली घ्यायची?" म्हटलं, तर म्हणते, "अहो, खोली तयार होऊ दे ना. आधी बैल आणून बांधताय कशाला?"

खोली म्हणजे आमचा ट्रेलर. मी ट्रेलर म्हणतो, ती खोली म्हणते, तो बांधणारा माझा मित्र रतन गाडा म्हणतो.

५ फेब्रु.

रे रोडला रतनच्या शेडवर. गाडा उभा राहिला आहे! चौदा फूट लांब, दोन खिडक्या, आत पलंग, छोटा ओटा, मागच्या बाजूला संडास. कमोड, आणि दाराला आतून कडी. शै.ची एवढी एकच अट होती. लग्न झाल्यापासून पस्तीस वर्षं गॅलरीच्या टोकाला बादली घेऊन रांगेत उभी राहिली. आता तिला खाली बसताच येत नाही. सहा वर्षं गावी देवगडला गेली नाही ती त्यामुळेच. लॉजचं नाव काढलं की तोंड फिरवते. आज दाराची कडी चार वेळा लावून काढून बघितली.

रतन खाली वाकून चेसिसच्या लोखंडी सांगाड्यावर हात फिरवत होता. "ए काटा, बघ. देव नेलास तरी कुरकुरणार नाही."

मी सगळी नोकरी वजनकाट्यावर काढली म्हणून ह्याच्यासाठी मी काटा. चाळीत आम्ही खाली, रतनचं घर वरच्या मजल्यावर. अर्ध्या लालबागच्या गणपतीच्या ट्रॉल्या ह्याने बांधल्या, चौदा एप्रिलचा रथही ह्याचाच असतो. ब्रेकचं विचारलं तेव्हा म्हणाला, "ट्रॉलीला ब्रेक कोण लावतं रे? माणसं असतात की दोरीला." शेवटी लावले, पण माझ्या समाधानासाठी लावल्यासारखे.

११ फेब्रु.

यूट्यूबवर परदेशातली म्हातारी जोडपी बघत बसतो. मोठाल्या पिकअप, मागे घर, नवराबायको तळ्याकाठी कॉफी पितायत. प्रत्येक जण सुरुवातीलाच एक गोष्ट सांगतो, आधी ट्रेलरचं वजन करा, मग गाडी निवडा. मी तेवढं पुढे ढकलतो आणि इंजिनाचा आवाज ऐकतो.

कंपनीच्या पुस्तकात ओढायची मर्यादा: पांढरी अठराशे किलो, राखाडी अडीच हजार. र.चा गाडा बाराशेच्या आत असणार. असणारच. पांढरी पुरे.

राखाडीला पुढच्या वर्षी पंधरा भरतात, मग पुन्हा पासिंगची कटकट. सकाळी पहिल्यांदा चालू केली की निळा धूर टाकते, म्हणजे ऑइल पिते. पण तो आवाज...

२२ फेब्रु., शनिवार

लिहायला नको वाटतंय.

ट्रायल ठरली होती. पांढरी गाडी र.च्या शेडवर आणली, गाडा मागे जोडला. जोडल्याबरोबर पिकअपची शेपटी खाली बसली आणि दिवे आकाशाकडे. इक्बालभाई बघत राहिला. सपाटीला निघाली. पुलाच्या चढावर अर्ध्यात अडकली, क्लचचा जळका वास, गाडी मागे यायला लागली. र. उडी मारून उतरला आणि चाकाखाली दगड घातला. मी आत स्टिअरिंग धरून नुसता बसलेलो.

मग राखाडी लावली. ती गुरगुरत का होईना, घेऊन गेली. इक्बालभाई म्हणाला, "काका, अब काटे पे चढाओ. मेरे को देखना है."

माझाच काटा. एकोणतीस वर्षं जिथे बसलो तोच. आता तिथे जाधव असतो. आकडा आला आणि जाधवने काचेतून दोनदा माझ्याकडे बघितलं. नुसता गाडा दोन हजार नऊशे ऐंशी. पाणी नाही, भांडीकुंडी नाही, माणसं नाहीत. रिकामा.

माझं डोकं फिरलं. जाधव, इक्बालभाई, शै., सगळ्यांसमोर म्हणालो, "तुला देव न्यायची ट्रॉली जमते रतन, माणसं न्यायची गाडी तुझ्या हातची नाही."

तो शांतपणे म्हणाला, "तूच म्हणालास ना मजबूत कर."

"मी? मी असं कधी म्हणालो? एकदा तरी?"

त्याने शैलाकडे बघितलं. शै. खाली बघत होती. मग तो गाड्याच्या भोवती एक फेरी मारून चालत निघून गेला. गाडा राखाडीने परत शेडवर नेऊन सोडला. तो तिथे नव्हता.

२३ फेब्रु.

गेल्या दिवाळीची वही काढली. माझंच अक्षर: "र.ला सांगितलं, देव जाईल असा मजबूत कर. तो म्हणाला, जड होईल हां. म्हटलं, वजनाचं माझ्यावर सोड, मी काट्यावरचा माणूस."

विसरलो होतो असं लिहायला घेतलं होतं. खोडलं. विसरलो नव्हतो. काट्यावर उभा असताना मला सगळं आठवत होतं. जाधवसमोर लाज वाटली. एवढी वर्षं लोकांच्या ट्रकांत पन्नास किलो जास्त निघाले तर ड्रायव्हरला अक्कल शिकवणारा मी, आणि स्वतःच्या घराला एकदा काट्यावर चढवलं नाही. ती लाज रतनच्या गळ्यात बांधली.

शै.ला वही दाखवली. वाचलीही नाही. "मला माहीत आहे. मीच चहा दिला होता तुम्हाला तेव्हा."

"मग काल बोलली का नाहीस?"

"चार माणसांत नवऱ्याला खोटं पाडू?" वही माझ्या हातात परत देत, "पाडायला हवं होतं."

२ मार्च

र. फोन उचलत नाही. चार वेळा केला.

१८ मार्च

शेडवर जाऊन आलो. रथाचं काम चालू आहे. चष्मा लावून वेल्डिंग करत होता. मी दारात उभा. मान वर केली, बघितलं, पुन्हा खाली घातली. दहा मिनिटं उभा राहिलो. बोलायचं ते घरून पाठ करून गेलो होतो, पण त्या ठिणग्यांसमोर तोंड उघडेना. परत आलो. आमचा गाडा कोपऱ्यात, ताडपत्री घातलेला. ताडपत्री नीट चारी बाजूंनी बांधली होती, त्याचंच जास्त वाईट वाटलं.

इक्बालभाईचा फोन. पांढरीला दुसरं गिऱ्हाईक आहे म्हणतो. क्लच बदलून ठेवलाय. गिऱ्हाईक नेहमीच असतं ह्यांच्याकडे.

१४ एप्रिल

परळला मिरवणूक बघायला गेलो. दरवर्षी र. बोलावतो, यंदा आपण होऊन. निळे झेंडे, ढोल, बायका पांढऱ्या साड्यांत. रथ आला. रतन सगळ्यांत पुढे नव्हता, चाकाजवळ होता. नवा पांढरा शर्ट घालून मान वाकडी करून एक्सलकडे बघत चालत होता. लोक वर बाबासाहेबांच्या मूर्तीला हात जोडत होते आणि हा खाली चाकाला कान देऊन. मला इतका अभिमान वाटला त्याचा की गर्दीत रडू आलं. ह्याला मी काय बोलून बसलो.

त्याने मला बघितलं. "जय भीम" म्हटलं मी. "जय भीम, मोहन," म्हणाला आणि रथाबरोबर पुढे गेला.

मला मोहन म्हणाला. पन्नास वर्षांत पहिल्यांदा माझं नाव घेतलं असेल त्याने.

१६ एप्रिल

आज बोललो. शेडमध्ये तो एकटाच होता. म्हटलं, रतन, मी म्हणालो होतो मजबूत कर. माझ्या वहीत लिहिलेलं आहे.

"वही कशाला? माझे कान होते की तिथे."

माफ कर म्हटलं. तो हात पुसत राहिला. मग म्हणाला, "गाडा बांधताना रोज वाटायचं, आज हा विचारेल, रतन, वजन किती झालं? रोज येत होतास, चहा पित होतास. काट्यावरचा माणूस तू. नाही विचारलंस, म्हटलं हिशेब ह्याच्या डोक्यात असणार." आणि मग, "बोललास चार माणसांत. माफी मागतोस बंद शेडमध्ये."

मी दाराकडे वळलो. निघताना तोच मागून म्हणाला, "गाडी ठरव. ती ओढेल तेवढं ठेवतो, बाकी कापतो. मला फक्त आकडा दे."

१९ एप्रिल, शनिवार

काट्यावर गेलो. इक्बालभाईलाही बोलावून घेतलं. उभं राहून सांगितलं, त्या दिवशी मी खोटं बोललो, चूक रतनची नव्हती, माझी होती, मजबूत कर मीच सांगितलं होतं.

जाधव म्हणाला, "कुठल्या दिवशी?"

त्याला भांडण आठवतच नव्हतं. आकडा पक्का आठवत होता. इक्बालभाई म्हणाला, "अरे काका, दोस्तों में होता है," आणि लगेच पांढरीचं काढलं. म्हणजे ज्यांच्यासमोर त्याची अब्रू काढली त्यांनी ती गोष्ट घरीसुद्धा नेली नव्हती. दोन महिने एकटा रतनच ती घेऊन बसला होता. आणि मी.

जाधवला म्हटलं, र. भेटला तर सांग मी आलो होतो. "सांगतो ना," म्हणाला. सांगेल की नाही, देव जाणे.

२१ एप्रिल

कागद घेऊन बसलो. राखाडी घेतली तर पाचशे किलो कापावे लागतील, वर सामानाचे वेगळे. एवढं निघेल. ओटा, वरचं कपाट, बाजूचे जाड पत्रे. चेसिस वाचतं, संडास वाचतो. पण ती गाडी पुढच्या वर्षी पासिंगला अडकली तर सगळंच उभं राहणार. आणि घाटात निळा धूर टाकत मध्येच बसली तर शै.ला घेऊन मी कुठे जाऊ?

पांढरी घेतली तर जवळजवळ बाराशे. म्हणजे संडास, टाकी आणि र.चं चेसिस निम्मं.

शै. भाजी निवडत होती. "संडास काढा," म्हणाली.

"मग तू कशी येणार?"

"मी नाही आले तरी चालेल. तुम्ही दोघं मित्र जाऊन या. तेवढं तरी होऊ दे." भाजी निवडणं थांबवलं नाही.

हे रिटायर व्हायच्या आधी केलं असतं तर. तिचे गुडघे बरे होते तेव्हा. तेव्हा मी रविवारी गाड्यांचे फोटो बघत होतो.

२४ एप्रिल

सकाळी इक्बालभाईकडे. तिथून रे रोड.

र.ने ताडपत्री काढून ठेवली होती. म्हणजे जाधव बोलला असावा. विचारलं नाही, त्यानेही सांगितलं नाही. "आकडा?" म्हणाला.

"अठराशे."

त्याने खडू घेतला आणि पत्र्यावर मोठा १८०० लिहिला. मागे सरकून बघत राहिला. मग गाड्याला एक फेरी मारली. चेसिसवर एके ठिकाणी खडूची रेघ ओढली, दुसऱ्या ठिकाणी ओढली. संडासाच्या दाराशी थांबला. कडी लावली, काढली. "वहिनीला विचारलंस?"

"तीच म्हणाली."

तो खाली बसला, उकिडवा, चाकाला पाठ लावून. साठीचा माणूस, हातात खडू. म्हणाला, "मोहन, हे माझ्या हातून झालेलं सगळ्यात चांगलं काम आहे रे. ट्रॉली वर्षातून एक दिवस चालते. ह्यात कोणीतरी राहणार होतं."

आणि मी म्हणालो, "रतन, थांब. कापू नको एवढ्यात. गाडी अजून नक्की नाही. कदाचित राखाडीच घेईन."

त्याने वर बघितलं. उठला, शर्टाच्या बाहीने आकडा पुसला. रेघाही पुसल्या. "ठरलं की सांग. घाई नाही," म्हणाला आणि चहा मागवला. दोन कप. फेब्रुवारीनंतर पहिल्यांदा बसून प्यालो. रथाचं चाक चौकात कसं अडकलं होतं ते सांगत होता, हसत होता. मीही हसत होतो.

पांढरीचं टोकन मी सकाळीच देऊन आलो होतो. पावती खिशात होती.