प्रत्येक मोड्यूलला मिळत नाही

सर, प्रकाशकाने माझ्या जुन्या लेखांची प्रुफं पाठवली आहेत. त्यात तुमच्यावरचा तो लेखही आहे, आणि त्यातल्या एका वाक्यापाशी मी दोन दिवस अडकून बसले आहे.

गणिताच्या एम.एस्सी.ला आम्ही तिघंच होतो, म्हणून शिकवणी तुमच्या स्वयंपाकघरात चालायची. कडप्प्याच्या काळ्या ओट्यावर तुम्ही खडूने लिहायचात, आणि भाकरी थापायच्या आधी काकू ओलं फडकं फिरवून अर्धी सिद्धता पुसून टाकायच्या. "थांब की जरा," तुम्ही म्हणायचात. "मग आज मोड्यूलच खावा," काकू म्हणायच्या. प्रोजेक्टिव्ह कव्हर मी तिथेच शिकले. पूर्णांकांसारख्या बेरीज-गुणाकाराच्या जगाला तुम्ही रिंग म्हणायचात, आणि तिच्यावर उभ्या केलेल्या रचनेला मोड्यूल. मोड्यूलवर एक गुणी, प्रोजेक्टिव्ह मोड्यूल चढवायचं. पण त्यात जे जादा असेल ते बिनकामाचं हवं. बिनकामाचं म्हणजे काय, मी विचारते. तुम्ही खडू खाली ठेवता. "वडवणीच्या रस्त्याला जीप चिखलात रुतली. समदे उतरून ढकलायले. ज्याच्यासकट निघाली ती त्याच्याबिगर बी निघालीच असती, संगं कोणी बी असो, तो बिनकामाचा. कळलं न्हाई तर आरशात बघ."

पुढे मी गणित सोडून टवाळीचा धंदा धरला. दिवाळी अंकात तुमच्यावर लिहिलं की, ज्या जिल्ह्यातली गावं ऊसतोडीला निघून रिकामी होतात, तिथे आमचे सर सिद्ध करत बसलेत की पूर्णांकांवरच्या प्रत्येक मोड्यूलला नेमक्या मापाचं प्रोजेक्टिव्ह कव्हर मिळतं. लोक खूप हसले. रिटायर होऊन तुम्ही चकलांब्याला राहायला गेला होतात. तिथून एसटीने अंक घेऊन बीडला माझ्या घरी आलात. मला वाटलं, आता बोलणी बसणार.

"टिंगल लई झकास हाय. तुझ्या काकूनं दोनदा वाचून घेतली. पण पूर्णांकांवर प्रत्येकाला मिळतं, हे कावून लिहिलंस? तिथल्या प्रोजेक्टिव्ह मोड्यूलमधी शून्य सोडलं तर बिनकामाचं कोणी नसतंच. मग दोननं भागून उरलेल्या बाक्यांच्या मोड्यूलला कव्हर कुठलं? समद्यांना मिळतं अशा रिंगा थोड्या. त्या कोणत्या, हे हुडकण्यातच माझी हयात गेली, बाई."

मी चहाचा कप पुढे सरकवला. "माहीत होतं, सर. हशा यावा म्हणून तसं लिहिलं."

तुम्ही चष्मा काढून धोतराला पुसलात, पुन्हा लावलात. "येत न्हाई म्हणली असतीस तर पुन्यांदा शिकवलं असतं," एवढंच बोललात. अर्धा चहा तसाच ठेवून उठलात आणि दारात म्हणालात, "येतो. तुमी बसा." मला कधी 'तुम्ही' म्हटलं नव्हतंत. पुढच्याच उन्हाळ्यात तुम्ही गेलात.

प्रुफात ते वाक्य मी आज दुरुस्त केलं. विनोद मेला, मरू दे. हे पत्र चकलांब्याला टाकावं, तर काकूही आता नाहीत. शिवाय घर उघडं असतं तरी मी टाकलं असतं की नाही, कोण जाणे. सर, त्या दिवशी मला ते माहीत नव्हतं. तुमच्यासमोर ढ ठरण्यापेक्षा लबाड ठरणं मला बरं वाटलं.