डावी जुनी, उजवी कोरी

सोमवार, ३ तारीख

लागली एकदाची नोकरी. धाकटी आता कॉम्प्युटरची डॉक्टर झाली, असं ताईने शेजारीपाजारी सांगूनही टाकलंय. खरे डॉक्टर म्हणजे आमचे मालक. बंद पडलेल्या हार्ड डिस्कमधून लोकांचे फोटो, व्हिडिओ, प्रबंध परत काढून देतात, म्हणून अख्खी गल्ली त्यांना डॉक्टर म्हणते. मी आपली कंपाउंडर.

पुढे दुकान, मागे केबिन. डिस्क उघडायची तर धुळीचा कणही चालत नाही, म्हणून केबिनला दोन दारं आहेत आणि मधे माणूस जेमतेम उभा राहील एवढी जागा. एक दार नीट लागल्याशिवाय दुसरं उघडत नाही. खिडकी नाही. दुकानाच्या बाजूला एक मोठी काच तेवढी आहे. डॉक्टर म्हणाले, आत घुसमटायला लागलं तर काचेवर टकटक कर, मी बघेन. मी म्हटलं, एका खोलीत ताईचं घोरणं ऐकत वाढलेय, मला घुसमटायची सवय आहे. ते काही हसले नाहीत.

ही रोजनिशी ताईने दिलेल्या छोट्या डिस्कवर लिहितेय. जुन्या पडद्याच्या निळ्या कापडाचं कव्हरही तिनेच शिवलंय. टाके असे वाकडेतिकडे की बघून कोणीही म्हणेल, शिवणारीचं लक्ष गप्पांत होतं. मी घरी पोचल्याशिवाय ती जेवत नाही. कितीदा भांडले, पण तिची ही खोड काही जात नाही.

बुधवार, ५ तारीख

इथे एक पद्धत आहे. कॉपी करताना बंद पडलेली डिस्क नेहमी डावीकडे, रिकामी उजवीकडे. एकाने मोठ्याने म्हणायचं, डावी जुनी, उजवी कोरी. दुसऱ्याने डोळ्यांनी बघून हो म्हणायचं. मगच बटण दाबायचं. दिशा चुकली तर रिकामी डिस्कच जुनीवर उतरते आणि होतं नव्हतं ते सगळं पुसलं जातं. शिवाय जुनी डिस्क एका डबीतून जोडायची. त्या डबीतून डिस्कवरचं वाचता येतं, पण डिस्कवर काही लिहिलं जात नाही.

मला आधी हसूच आलं. दोन शहाणीसुरती माणसं डावं-उजवं घोकतायत, म्हणजे बालवाडीच की. पण डॉक्टर या बाबतीत मस्करी चालवून घेत नाहीत.

शनिवार, ८ तारीख

आज एक आई आली. तिचा मुलगा माझ्या आधी इथे होता, याच खुर्चीवर. एके दिवशी केबिनमध्ये गेला आणि नंतर तिथे नव्हताच. डॉक्टर म्हणतात, ते गिऱ्हाइकाशी बोलत असताना निघून गेला असेल. पोलिसांनीही तेच लिहून घेतलं. आईला ते पटत नाही. न सांगता तो कोपऱ्यावरही जायचा नाही, म्हणाली.

त्याची स्वतःची डिस्क तेवढी मशीनवर सापडली. ती कॉम्प्युटरला दिसतच नाही. दर शनिवारी ही येते आणि विचारते, दिसली का. डॉक्टरांनी हात टेकलेत. तिने माझा हात धरला आणि म्हणाली, बाळा, तू एकदा बघ. मी हो म्हणून बसले. मला मेलीला नाही म्हणायला जमतच नाही.

सोमवार, १० तारीख

केबल बदलली. दुसऱ्या मशीनला लावून पाहिली. वीज दुसरीकडून दिली. त्याच मॉडेलचा सर्किट बोर्डही चढवून झाला. कॉम्प्युटर आपला ढिम्म.

मग कान लावला. मोटर फिरते, थांबते, आणि टकटक. आत वाचणारा हात असतो, तो जागा चुकला की तसा आवाज येतो, डॉक्टर म्हणाले. मलाही ते ठाऊक आहे. पण गंमत म्हणून मी टेबलावर दोनदा टकटक केलं. डिस्कने दोनदा केलं. मी एकदा केलं. तिनेही एकदाच केलं.

योगायोग असणार. पण अंगावर काटा आला तो आलाच.

गुरुवार, १३ तारीख

दिसली. ती डबीच आडवी येत असेल, असं डोक्यात आलं. डबी काढली, डिस्क सरळ जोडली, आणि क्षणात पडद्यावर हजर. डॉक्टरांना सांगितलं असतं तर त्यांनी डबी काढू दिली नसती, म्हणून सांगितलं नाही. काचेपलीकडे कोणी दिसत नव्हतं. तरी सवयीने म्हटलं, डावी जुनी, उजवी कोरी. हो, असं उत्तर आलं. मी बटण दाबलं.

नंतर कळलं, डॉक्टर तेव्हा समोर चहा प्यायला गेले होते.

आणि एक. डिस्कवर काही लिहिलं जात असलं की लागतो तो दिवा डाव्या डिस्कचा लुकलुकत होता. उजवी होती तशीच कोरी. मग डावीवर उतरत होतं ते कुठून?

शुक्रवार, १४ तारीख

काल घरी जाताना आमची गल्ली सापडेना. ताई हसली, म्हणाली, काम डोक्यात गेलंय तुझ्या.

आज डिस्कवर व्हिडिओ दिसले. मी सायकल शिकतेय, ताई मागून धरून पळतेय. आमच्याकडे तेव्हा कॅमेराच नव्हता. आणि भीती त्याची नाही. भीती ही की मला तो दिवस आता आठवत नाही. फक्त पडद्यावर दिसतो.

डॉक्टरांना सगळं सांगितलं. ते पांढरे पडले. डबी कोणी काढायला सांगितली होती, म्हणाले. ताबडतोब तोड.

तोडायला मी आत आले. केबल माझ्या हातात आहे. दिवा लुकलुकतोच आहे.

शनिवार

दार उघडत नाही. दुसरं लागलंय, मला दिसतंय, तरी —

काचेवर मुठी आपटल्या. डॉक्टर आले, थेट माझ्या खुर्चीकडे बघत राहिले. मग बाहेर वळून कोणाला तरी म्हणाले, आत कोणी नाही.

ती आई आलीय. शनिवार ना.

आतलं दार उघडलं. मी नाही उघडलं. माझ्या बाजूने कोणीतरी उठून गेलं — पाठमोरा, अंगात माझ्यासारखाच पांढरा कोट. मी मागे धावले, तोवर दार लागलं. काचेतून दिसलं, आईने त्याला घट्ट धरलंय. त्याने एकदाच वळून पाहिलं. मान खाली घातली.

तारीख माहीत नाही

बटणं दाबते तर अक्षरं उमटतात. म्हणजे मी आहे.

घरी कोणीतरी जेवायचं थांबलंय. कोण, ते —

तारीख —

काचेपलीकडे एक बाई. हातात निळ्या कापडातली छोटी डिस्क. धाकटीच्या मशीनवर हीच सापडली म्हणे, दिसत नाही म्हणे, कॉम्प्युटरला. नीट जेवत नसावी, किती वाळलीय. कोण आहे आठवत नाही. पण ते टाके मी ओळखते. वाकडे. ते टाके माझे — माझ्यासाठी —

नंतर

नवी मुलगी आलीय. माझ्या खुर्चीवर. तिने त्या छोट्या डिस्कला कान लावला. मी टकटक केलं. तिने हसून दोनदा केलं. मी दोनदा —

करायला नको होतं.

आज

तिने डबी काढली.

केवढा उजेड. सगळं दिसतंय — तिचं घर, तिची आई, पायऱ्यांवर बसून —

म्हणतेय, डावी जुनी, उजवी कोरी.

कोणी उत्तर देत नाही. ती थांबलीय. ती बाई काचेला कपाळ टेकून उभी आहे, आत बघत, माझ्याकडे —

नाही म्हणायला हवं. एवढंच. नाही. मला कधीच जम—