रुमालाखालचा पगार

४ फेब्रुवारी १९८८, जळगाव
आजपासून रोजनिशी. कारण आयुष्याला वळण लागतंय. सावद्याच्या जीवरामनानांच्या केळी एजन्सीत हिशेबनीस पाहिजे. जागा एकच. ‘अपेक्षित पगारासह अर्ज करावा.’ मी बी.कॉम., सेकंड क्लास (जवळजवळ). बाराशे लिहिणार. माणसानं स्वतःची किंमत ओळखावी.
रूम पार्टनर पितांबरही अर्ज करतोय. रावेरकडचा. बी.कॉम. तोही आहे, पण पर्सनॅलिटी नाही.

५ फेब्रुवारी
बाराशे जरा जास्त होतात. आठशे लिहिले. स्वस्त माल आधी उठतो. याला कॉमर्स म्हणतात.
पितांबरनं विचारलं, मी किती लिहू? तो सहाशे लिहिणार होता. म्हणजे माझ्यापेक्षा स्वस्त! म्हटलं, वेडा आहेस का, कमी मागणाऱ्याला शेठलोक कमीच समजतात. ठोक दीड हजार. त्यानं लगेच ठोकले. वर माझं पाकीटही स्वतःच्या खर्चानं पोस्टात टाकून आला.
याला फसवणूक म्हणत नाहीत. हा सल्ला. मानायचा की नाही हे ज्याचं त्यानं बघावं.

६ फेब्रुवारी
पितांबरनं वांगी भाजून भरीत केलं. नेहमीप्रमाणे मला जास्त वाढलं. घास उतरेना. मिरच्या फार टाकतो.
संकल्प: उद्या त्याला खरं सांगून टाकायचं.

७ फेब्रुवारी
आज रविवार. रविवारी असले विषय काढू नयेत.

८ फेब्रुवारी
सांगणारच होतो, तर तो माझी चादर धूत होता. कामात असलेल्या माणसाला काय डिस्टर्ब करायचं?

१० फेब्रुवारी, सोनगीर
घरी चक्कर. आबा बैलबाजाराला निघाले होते. चल म्हणाले, भाव करायला शिक. रुमालाखाली एकमेकांची बोटं धरायची, एकेक बोट म्हणजे शंभर नाहीतर हजार, जसा माल. चारचौघांना पत्ता लागत नाही. लहानपणापासून शिकवायला बघतात. मी गेलो नाही. ग्रॅज्युएट माणसानं बैलवाल्यांची बोटं धरत बसायचं का?
आईला सांगितलं की मित्राला नोकरीसाठी चांगला सल्ला दिला. आई म्हणाली, “चांगलं करं रे वना. देव बठ्ठं देखस.” देव म्हणे सगळं बघतो.
लगेच दुपारच्या एस.टी.नं परत निघालो.

१५ फेब्रुवारी
सावद्याला इंटरव्ह्यू. पितांबरनं स्वतःचा इस्त्रीचा शर्ट मला दिला आणि आपण कॉलर उसवलेला घातला. मी नको म्हणणार होतो. पण शर्ट मला शोभत होता.
ऑफिसबाहेर ट्रकमध्ये केळीचे घड भरणं चाललेलं. आत सगळे उमेदवार एकाच बाकावर. शेजारचा म्हणाला, नाना मूळचे बैलांचे व्यापारी. असतील. सगळ्यांचे अर्ज टेबलावर तसेच पडलेले, एक पाकीट फोडलेलं नाही. फार बिझी माणूस.
मला जमाखर्चाचं थोडं विचारलं. मग नानांनी खांद्यावरचा रुमाल उजव्या हातावर टाकला आणि हात पुढे केला. हात ओला असावा. इंटरव्ह्यूच्या गाइडमध्ये लिहिलंय की शेकहँड दमदार हवा. मी त्यांची पाचही बोटं गच्च धरली आणि खांद्यापासून हलवली. नाना माझ्याकडे बघतच राहिले. मग म्हणाले, पक्कं? म्हटलं, एकदम पक्कं! नाना खूश.
पितांबरची मात्र दया आली. त्याचा शेकहँड काही आटपेना. रुमालाखाली दोघांचे हात नुसते चुळबुळतायत. नाना मान हलवतात, हाही हलवतो. पर्सनॅलिटी नसली की असं होतं.
परतीला भुसावळ स्टँडवर त्यानंच चहा पाजला. फार वाईट वाटलं. संकल्प: आपण जॉइन झालो की नानांकडे त्याच्यासाठी शब्द टाकायचा.

२२ फेब्रुवारी
नानांचा माणूस निरोप घेऊन आला. दोघांनाही घेतलंय! हिशेबनीस पितांबर, तेराशे. दीड हजारावरून दोनच बोटं खाली आला म्हणे. नाना खूश, की पोराला भाव करता येतो, हा माझे पैसे सांभाळील.
आणि मी त्याच्या हाताखाली मदतनीस. जागा नव्हती, पण इतका स्वस्त ग्रॅज्युएट सोडवेना. पाच बोटं. पाचशे.
म्हटलं, अर्जात आठशे लिहिलेत. निरोप्या म्हणाला, नाना अर्ज वाचत नाहीत. आणि रुमालाखाली ठरलेला भाव फिरत नाही.
पितांबर पेढे घेऊन आला. “तुझ्यामुयेच झालं रे भाऊ. मी तं सहाशेच सांगणार होतो.” पहिला पेढा मला.

२३ फेब्रुवारी
आबांना पत्र टाकलं. नोकरी लागली. पगार कळवायला जागा उरली नाही.

१ मार्च
कामाचा पहिला दिवस. पितांबर आठवडाभर नीट जेवत नव्हता. आज घरी आल्यावर एकदम बोलला. म्हणाला, माझं चुकलं. नाना बैलबाजारातले आहेत, रुमालाखाली भाव करतात, हे मला गावाकडून ठाऊक होतं. तुला सांगणार होतो. पण असल्या गावंढळ गोष्टींना तू हसतोस, म्हणून लाजलो. तुझं नुकसान माझ्यामुळे झालं. डोळ्यांत पाणी होतं त्याच्या.
आता सांगायलाच हवं होतं. मी तोंडही उघडलं.
म्हणालो, जाऊ दे, मी तुला माफ केलं.
त्याला इतकं हलकं वाटलं की लगेच वांगी भाजायला बसला. आज पोटभर जेवला. स्वतःच्या ताटातलं भरीतही माझ्या ताटात घातलं.
मला घास उतरेना. माझ्यासाठी म्हणून त्यानं आज एकही मिरची टाकली नव्हती.