डाळ न शिजणाऱ्या पाण्यातले मासे

हनुमाननगर, नागपूर
१९ मे १९७९

ती. सौ. वच्छलाताईंना लतिकेचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग मनातल्या मनात घातला आहे. पुढच्या खोलीत आडवं व्हायला जागा उरलेली नाही, ती का, हे खाली येईलच.) मधुकररावांचा गुडघा आता कसा आहे? जिना चढताना अजून वाजतो का? इकडे आम्ही तिघंही ठीक आहोत, म्हणजे वाळलेले असलो तरी चालते-बोलते आहोत. पारा पंचेचाळीसच्या खाली उतरायला तयार नाही. तुमचं पत्र येऊन आठ दिवस झाले. उत्तराला उशीर झाला त्याचं कारण मासे. सध्या या घरात दूध नासलं तरी कारण मासेच असतात. हे पत्रसुद्धा मी एका बैठकीत लिहीत नाही. चार ओळी झाल्या की बादली सरकवायला, नाहीतर पोतं ओलं करायला उठते. अक्षर वाकडं गेलं तर पोटात घाला.

मासे तुम्ही चांगल्याच हेतूनं पाठवलेत हे मी विसरलेले नाही (दिवसातून दोनदा स्वतःला आठवण करून देते). दिवाळीत आई गेल्या आणि बापूजींचा पाय घरात ठरेना, हे तुम्ही तेराव्यापर्यंत पाहिलंतच; पण त्यानंतरचं आम्ही पाहिलं. तीस वर्षं मालगाडीचा गार्ड म्हणून काढलेल्या सासऱ्यांना सुनेनं ‘जरा बसा’ म्हणायचं तरी कसं? खाटेवरून फाटकाशी, फाटकावरून विहिरीशी, विहिरीवरून परत खाटेवर. फाटकाची कडी काढायची, लावायची, पुन्हा काढायची. मी शाळेत जायच्या घाईत पोळ्या लाटता लाटता कडीचे आवाज मोजायची. एकदा चहाच्या आत चौतीस झाले. माझ्याच डोक्यात कडी वाजायला लागली होती, ताई. एका रविवारी तर दुपारभर दिसेनात. तुमचा भाऊ सायकल घेऊन शोधत गेला तर अजनी यार्डाच्या तारेबाहेर उभे होते, समोर उभ्या मालगाडीचे डबे मोजत. ‘श्रीधर, पाह्य बरं, गार्डाचा डबाच लावला नाही गा,’ एवढंच म्हणाले आणि सायकलीमागून मुकाट चालत घरी आले.

मग माघात मधुकररावांच्या गोदीतले ते गृहस्थ तेलाच्या डब्यात दोन फुगलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या घेऊन आमच्या दारात उतरले. सोबत मधुकररावांची चिठ्ठी : ‘आफ्रिकेतल्या सरोवरातले मासे आहेत. बोटीवरच्या एका हौशी माणसाकडून मिळाले. बघत बसलं की मन शांत होतं.’ ताई, मन शांत करणारे मासे वेगळे. ते डॉक्टरांच्या दवाखान्यात असतात, पदर पसरल्यासारखे पंख हलवत तरंगतात. हे नऊ जण पाण्यात पडल्या पडल्या जागेवरून भांडायला लागले. फ्रेमवाल्याकडून काचेची टाकी करून घेतली होती, तळाशी मी हौसेनं धुतलेली वाळू पसरली होती, मधोमध एक छोटी कुंडी आडवी ठेवली होती. सकाळपर्यंत सगळी वाळू एका कोपऱ्यात ढिगानं लावलेली, कुंडी उलटी, आणि निळ्या अंगावर काळे पट्टे असलेला एक मासा बाकीच्यांना टाकीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पळवतो आहे. बापूजींनी त्याला पाहिलं, हात मागे बांधले आणि म्हणाले, ‘हे तं आमच्या रेल्वे डिव्हिजनचे बडे डी.एस. साहेब आहेत. इन्स्पेक्शनले निघाले.’ तेव्हापासून त्याचं नाव डी.एस. साहेब. आठवड्यात दोघांना त्यानं यमसदनी धाडलं. टाकी जरा शोभिवंत दिसावी म्हणून मी सीताबर्डीहून दोन सोनेरी मासे आणून सोडले, तर दुसऱ्या दिवशी एकाची फक्त शेपटी सापडली आणि दुसऱ्याची तीही नाही. वर बापूजींनी मलाच बोल लावला, की नव्या माणसाची बदली कुठं करावी याची सुनेला अक्कल नाही.

पाण्याचं तर विचारूच नका. माशांना चांगलं पाणी हवं, म्हणून मी नळाचं गोडं पाणी भरत होते. ते आम्हाला प्यायला सकाळी तासभर येतं. तर सातही मासे पंख आवळून वर येऊन तोंडं उघडायला लागले. मी रडकुंडीला आले. बापूजींनी विहिरीत बादली सोडली. आपल्या विहिरीचं पाणी तुम्हाला माहीतच आहे : त्यात तुरीची डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, हंड्याला आतून पांढरा थर बसतो. ‘अहो बापूजी, मरतील हो ते,’ मी ओरडले. ‘मरूनच राहिले ना? मंग?’ म्हणून त्यांनी निम्मं पाणी काढून ते खारं पाणी ओतलं. ताई, संध्याकाळपर्यंत सातही जण असे ताजेतवाने झाले, की डी.एस. साहेबांनी नव्या जोमानं मारामारी सुरू केली! आमची डाळ जिथं हरली तिथं आफ्रिकेचे मासे बाळसं धरतात. तेव्हापासून बापूजी रोज चार बादल्या जुनं पाणी काढतात, चार नवं ओततात. विहीर ते टाकी, टाकी ते विहीर. चालणं थांबलेलं नाही, पण आता ते कुठून कुठं जातात हे तरी आम्हाला कळतं.

मग ऊन आलं. टाकीतलं पाणी आंघोळीला काढल्यासारखं गरम व्हायला लागलं तशी खसचा कूलर आमच्या खोलीतून टाकीसमोर गेला. काचेला ओली पोती लागली. तुमच्या भावानं दोन दिवस कुरकुर केली, तिसऱ्या दिवशी स्वतःची खाट उचलून टाकीशेजारी आणली, आता डी.एस. साहेबांच्या वाऱ्यातला उरलासुरला वारा तो खातो. वीज गेली की हवेचा पंप बंद पडतो, मग बापूजी स्टुलावर उभे राहून गडव्यानं वरून पाणी सोडत राहतात, वीज येईपर्यंत. परवा माझ्या हेडबाई भेटायला आल्या तेव्हा हाच अभिषेक चालू होता. त्या हात जोडून उभ्या राहिल्या, त्यांना वाटलं आत महादेव आहे.

आता मूळ गोष्टीवर येते. सात जणांत एक नारिंगी आहे, तिला आम्ही सिंदूरी म्हणतो. अक्षयतृतीयेला घरात आईंच्या नावानं घागर भरायची होती. मी पाट मांडून हाका मारते आहे आणि बापूजी टाकीपाशी. सिंदूरीनं सकाळपासून दाणा घेतला नव्हता. गळ्याखाली फुगली होती, तोंड घट्ट मिटून कुंडीमागे उभी होती, डी.एस. साहेब फिरकले की कोपऱ्यात दबायची. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. शेवटी शेजारच्या चंपतरावांना बोलावलं. ते गुरांच्या दवाखान्यात कंपाउंडर होते. त्यांनी चष्मा बदलून पाहिलं, टॉर्च मारून पाहिलं, आणि गालफुगी म्हणून निदान केलं. उपाय म्हणाले शेक. मासा शेकायचा कसा, हे विचारल्यावर, ‘म्हशीले आम्ही विटेनं शेकतो,’ म्हणाले आणि चहा घेऊन गेले.

सहाव्या दिवशी बापूजींनी भरलं ताट सरकवलं. ‘ती खाऊन नाही राहिली. मले काहून घास जाईन?’ ताई, तुम्हाला कळवू नये असं हे आहे, पण कळवते. माझा तोल गेला. मी म्हणाले, आई तीन आठवडे दवाखान्यात होत्या, तुम्ही एक तास तरी त्यांच्या खाटेशी बसलात का? व्हरांड्यात नुसत्या फेऱ्या मारल्यात, आणि या बोटभर माशासाठी उपास? बोलून गेले आणि हातातली पळी तशीच राहिली. मला वाटलं आता उठतील, फाटक उघडतील आणि जातील अजनीच्या बाजूला. त्यांनी काचेवरचं ओलं पोतं सरळ केलं. मग म्हणाले, ‘नाही बसलो. बसलो असतो तं समजलं असतं ना, ती जाऊन राहिली म्हणून.’

आणि उठले नाहीत, ताई. तिथंच स्टुलावर बसून राहिले. कडी वाजली नाही. मी त्यांचं ताट टाकीसमोर आणलं, माझंही आणलं. दोघांनी गार वरणभात खाल्ला. (वरण नळाच्या पाण्यातलं.) शाळेला सुट्टी असल्यानं मीही मग रोज दुपारी तिथं बसायला लागले. बापूजींनी जुन्या वहीत गार्डाच्या थाटात नोंदी सुरू केल्या : ‘६.१० सिंदूरी कुंडीआड. ७.४५ डी.एस. साहेबांकडून त्रास. ७.५० मधे फरशीचा तुकडा उभा केला.’ मधूनच आईंचं बोलायचे. लग्नानंतर त्यांना पहिल्यांदा गार्डाच्या ब्रेकव्हॅनमध्ये चोरून आमला स्टेशनापर्यंत नेलं होतं, हे तुम्हाला तरी ठाऊक होतं का?

परवा, सतरा तारखेला, मी गच्चीवर कुरड्या वाळत घालत होते, तर खालून हाक : ‘सूनबाई! धाव वं! थुंकून राहिली!’ मी पिठाच्या हातांनी धावले. सिंदूरीनं तोंड उघडलं आणि एक तांदळाच्या कणीएवढं पिल्लू बाहेर आलं. मग दुसरं. मग पाच-सात एकदम. बाई अठरा दिवस पोरं तोंडात घेऊन उपाशी उभी होती आणि आम्ही तिला विटेनं शेकायला निघालो होतो! तेवढ्यात डी.एस. साहेब फरशीवरून डोकावले, तशी सगळी पोरं भर्रकन पुन्हा आईच्या तोंडात, शेवटच्याला तिनं स्वतः पुढे होऊन घेतलं. बापूजी हसले. दिवाळीनंतर पहिल्यांदा हसले, आणि हसता हसता धोतराच्या सोग्यानं डोळे पुसत बसले. त्या दिवशी तीन भाकरी खाल्ल्या. पिल्लं बावीस आहेत. (चंपतराव चोवीस म्हणतात, पण त्यांच्यावर किती विश्वास ठेवायचा ते तुम्हीच ठरवा.)

तर असं आहे. मधुकररावांना नमस्कार, गुडघ्याला जपायला सांगा. विटेचा शेक बरा, असं कळतं.

आपली,
लतिका

ता. क. तुमच्या पत्रातल्या मुख्य गोष्टीला मी इतकी पानं बगल देत आले. दोन जूनला येऊन बापूजींना कायमचं मुंबईला नेणार, त्यांचं तिकीटही काढलं, असं तुम्ही लिहिलंत. तुमची चूक नाही. ‘माझ्यानं होत नाही, त्यांना घेऊन जा’ असं मार्चमध्ये मीच कळवलं होतं. परीक्षेचे पेपर, घरात कडीचा आवाज, डोकं ठिकाणावर नव्हतं. तुमच्या भावाला ते पत्र माहीत नाही, बापूजींना तर नाहीच. ताई, तुम्ही जरूर या, पण ते तिकीट रद्द करा. कारण कुणी विचारलंच तर सांगा, लतिकेला एवढ्या बादल्या ओढवत नाहीत.

ता. क. दुसरा. मार्चचं ते पत्र फाडून टाकाल ना?

वच्छे, मी बापूजी लिहून राहिलो. सूनबाईनं पाकीट डिंक लावायले अन् पेटीत टाकायले दिलं. डिंक लावायच्या आधी वाचलं. मार्चातलं पत्रही मीच टाकलं होतं, तेही वाचूनच. पोरगी खोटं काही लिहून नव्हती राहिली, म्हणून टाकलं. हे तिले समजू देऊ नको. तिकीट रद्द कर. येतानी मधुकररावांकडून नारिंगी दोन आण, निळा आणू नको, एक साहेब पुरे. दुसऱ्या टाकीची काच काल सांगून आलो. कुठं ठेवायची ते घरात अजून बोललो नाही. श्रीधरची खाट काढली तं जागा होते.